सिरप घेऊनही पोटॅशियम पुन्हा का उतरले?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. तिला बऱ्याच वर्षांपासून रक्तदाब आहे आणि काही आठवड्यांपूर्वी तिच्या नेहमीच्या गोळीला क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळीची जोड देण्यात आली. मध्यंतरी तिला चार दिवस जुलाब झाले. ते थांबल्यावरही तिला खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला, रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले आणि छातीत धडधडते असे ती म्हणू लागली. आम्ही ते सारे वयावर आणि जुलाबांवर ढकलले. तपासणीत पोटॅशियम २.६ (सामान्य ३.५ ते ५.०) निघाले आणि तिला दाखल करावे लागले. सलाईनमधून पोटॅशियम देताना तिचा हात जळजळत होता आणि बाटली संपता संपत नव्हती, म्हणून माझ्या भावाने सलाईन जोरात सोडायला सांगितले, तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर त्याच्यावर रागावल्या. आकडा ३.४ झाल्यावर पोटॅशियमचे सिरप लिहून देऊन तिला घरी सोडले. पाच दिवस ती ते घेत आहे, पण त्याची चव तिला सहन होत नाही. कालचा रिपोर्ट ३.० आहे. सिरप घेऊनही पोटॅशियम पुन्हा का उतरले? सिरप बंद करून केळी आणि फळांचे रस वाढवले तर चालेल का? आणि हे आधी कसे ओळखता आले असते?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट सांगतो. पोटॅशियम भरून काढण्याचे औषध चालू असताना ३.४ वरून ३.० वर आलेला आकडा पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत राखून ठेवण्यासारखा नाही. आजच आईच्या डॉक्टरांना फोन करून तो कळवा आणि ईसीजी पुन्हा काढायचा का, हेही त्याच फोनवर विचारा. तिला चक्कर किंवा मूर्च्छा आली, धडधड थांबेनाशी झाली, श्वास घेणे जड वाटू लागले, उभे राहता येईनासे झाले किंवा उलट्यांमुळे सिरप पोटात टिकेनासे झाले, तर फोनची वाट न पाहता तिला सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. मी तिला तपासलेले नाही, त्यामुळे तिचा डोस येथे बसून ठरवणे मला शक्य नाही, आणि तुम्हीही तो आपल्या मनाने वाढवू किंवा कमी करू नये. पुढे जे लिहितो आहे ते तुम्हाला डॉक्टरांशी नेमके बोलता यावे म्हणून.

आता पहिला प्रश्न. आकडा पुन्हा खाली का आला हे समजण्यासाठी रक्तातल्या पोटॅशियमचा आकडा नेमके काय मोजतो, हे आधी पाहावे लागते. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंत असते. रक्त आणि पेशींबाहेरचा इतर द्रव मिळून जेमतेम २ टक्के उरते. ७० किलो वजनाच्या माणसात एकूण पोटॅशियम साधारण ३,५०० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) असेल, तर पेशींबाहेर त्यातले ६० ते ७० एवढेच असते. प्रयोगशाळा जो आकडा देते तो या लहानशा भागाचा असतो. घरातले कोठार रिते झालेले असताना ओटीवर चार मापे धान्य आणून ठेवावे आणि ते पाहून कोठाराचा अंदाज बांधावा, तसे काहीसे येथे होते. रक्तातला आकडा ४ वरून ३ वर येतो तेव्हा एकूण तूट साधारण २०० ते ४०० मिलिइक्विव्हॅलंट इतकी असू शकते, आणि २.६ ला ती याहून मोठी असणार. वयस्कर व्यक्तीचे स्नायू कमी असल्याने हा हिशेब थोडा खाली येतो आणि तो नेहमीच ढोबळ असतो, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : सलाईनमधून दिलेल्या पोटॅशियमने रक्तातला आकडा ३.४ झाला तेव्हा पेशींतली तूट भरलेली नव्हती. नंतरच्या काही तासांत आणि दिवसांत रक्तातले पोटॅशियम भुकेल्या पेशींत शिरत राहते आणि आकडा पुन्हा उतरतो. यात सिरपचा दोष नाही. उपचार अर्ध्यावर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

त्या अर्ध्या उपचाराचेही गणित एकदा मांडून पाहा. पोटॅशियम क्लोराइडच्या नेहमीच्या १० टक्के सिरपमध्ये १५ मिलिलिटरला सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. तुमच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते मात्र पाहून घ्या. अशी खरी तूट भरून काढताना दिवसाला ४० ते १०० मिलिइक्विव्हॅलंट, दोन ते चार वेळा विभागून, देण्याची पद्धत आहे, तर केवळ आकडा खाली येऊ नये म्हणून द्यायचा डोस साधारण २० च्या आसपास असतो. आईला दिवसाला किती वेळा किती मिलिलिटर सांगितले होते आणि चव सहन होत नसल्यामुळे प्रत्यक्षात पोटात किती गेले, हे प्रामाणिकपणे लिहून काढा. ‘पाच दिवस सिरप घेतले’ या वाक्यात घेतलेले, अर्धे घेतलेले आणि बाजूला ठेवलेले असे सगळेच डोस असू शकतात, आणि डॉक्टरांना हे कळले नाही तर औषध लागू पडत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे : क्लोरथॅलिडोन अजून चालू आहे का? हे औषध मूत्रपिंडांतून मीठ आणि पाणी बाहेर टाकून रक्तदाब उतरवते आणि त्याबरोबर पोटॅशियमही जाते. हायड्रोक्लोरोथायाझाइड, इंडापामाइड, फ्युरोसेमाइड आणि टॉरसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या इतर गोळ्यांचेही तेच. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन उत्तम औषध आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ते शरीरात रेंगाळते. त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला ४० ते ६० तास लागतात, म्हणून गोळी बंद केली तरी पोटॅशियमची गळती आणखी काही दिवस चालू राहू शकते. रुग्णालयात ती बंद केली होती आणि घरी आल्यावर जुन्या डब्यातून सवयीने पुन्हा सुरू झाली, असे अनेक घरांत होते. कोणी मुद्दाम केलेले नसते. कागदावर ‘बंद’ असा शब्द ठळकपणे लिहिलेला नसतो आणि डबा तर रोजच्या जागीच असतो. आजच आईच्या गोळ्यांचा डबा आणि रुग्णालयाचे कागद शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहा.

यानंतर मॅग्नेशियम. पोटॅशियम देऊनही आकडा वर येत नसेल तर प्रत्येक डॉक्टरने विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि नातेवाइकांनी तो विचारला तर त्यात काहीही गैर नाही. मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांमधील पेशींना पोटॅशियम लघवीत सोडणाऱ्या वाटा असतात. पेशीतले मॅग्नेशियम या वाटा काही अंशी बुजवून ठेवते. मॅग्नेशियम कमी झाले की त्या मोकळ्या होतात, आणि मग तुम्ही वरून जेवढे पोटॅशियम द्याल त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. तुमच्या आईच्या बाबतीत क्लोरथॅलिडोन आणि जुलाब ही दोन्ही कारणे मॅग्नेशियमही घालवणारी आहेत, म्हणून मॅग्नेशियमची तपासणी झाली नसेल तर ती करून घेण्यास सांगा. रक्तातले मॅग्नेशियम सामान्य दिसले तरी पेशींतले कमी असू शकते, त्यामुळे काही वेळा आकडा बरा असूनही डॉक्टर मॅग्नेशियम देतात. त्याचे नवल वाटू देऊ नका. तोंडाने घेतलेल्या मॅग्नेशियमने पुन्हा जुलाब होऊ शकतात आणि मूत्रपिंडे अधू असतील तर ते शरीरात साठू शकते, म्हणून हेही डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यायचे.

तुमच्या भावाच्या अस्वस्थतेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वॉर्डात हा प्रसंग वारंवार घडतो आणि त्यात सिस्टरची बाजू क्वचितच कोणी समजावून सांगते. पोटॅशियमच्या इंजेक्शनच्या १० मिलिलिटरच्या एका लहानशा कुपीत अनेकदा २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. पेशींबाहेर संपूर्ण शरीरात मिळून ६० ते ७० असते, हे मी वर लिहिले. आता या कुपीतला साठा एकाच वेळी थेट हृदयाकडे जाणाऱ्या रक्तात ओतला गेला तर काय होईल, याची कल्पना करा. पेशींना ते आत घ्यायला वेळच मिळत नाही आणि हृदय थांबू शकते. म्हणून हे इंजेक्शन कधीही शिरेत थेट टोचत नाहीत, ते नेहमी मोठ्या बाटलीत पातळ करून, ठरवलेल्या वेगानेच देतात. हाताच्या शिरेतून साधारण ताशी १० मिलिइक्विव्हॅलंट हा सुरक्षित वेग समजला जातो. ताशी २० पर्यंत जाण्याची वेळ आली तर हृदयावर सतत मॉनिटर हवा आणि शक्यतो मानेजवळच्या किंवा तशाच मोठ्या शिरेतील नळी हवी. हाताच्या शिरेसाठी एका लिटरमध्ये ४० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त पोटॅशियम शक्यतो मिसळत नाहीत, कारण याहून दाट द्रावण शिरेच्या आतल्या अस्तराला झोंबते. आईच्या हाताची जळजळ त्यामुळे होती.

त्या जळजळीवर वेग वाढवणे हा उपाय नव्हे. वेग आणखी कमी करणे, द्रावण अधिक पातळ करणे किंवा दुसऱ्या, मोठ्या शिरेत सुई लावणे, हे उपाय आहेत, आणि ‘हात जळजळतो आहे’ हे सिस्टरना सांगणे योग्यच आहे. सुईभोवती लाली, सूज किंवा कडकपणा दिसला तर ते लगेच दाखवावे, कारण द्रावण शिरेबाहेर जात असू शकते. पण सलाईनच्या नळीवरचे चाक स्वतः फिरवणे किंवा ते फिरवण्यासाठी दबाव आणणे, हे या एका सलाईनच्या बाबतीत तरी जिवावर बेतू शकते. नीट पाहिले तर सिस्टर पोटॅशियम मिसळल्यावर बाटली अनेकदा उलटीसुलटी करून हलवतात. टांगलेल्या बाटलीत ते नुसते टोचून सोडले तर जड द्रावण तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशीच साचते आणि पहिले काही मिलिलिटर घातक ठरू शकतात. अनेक ठिकाणी अशा बाटलीला निराळी चिठ्ठी लावतात आणि दुसऱ्या सिस्टरकडून डोस तपासून घेतात. तुमच्या भावावर रागावणाऱ्या सिस्टर आईचे रक्षणच करीत होत्या, असे त्याला माझ्या वतीने जरूर सांगा. या सलाईनसाठी साखरेचे पाणी सहसा घेत नाहीत, कारण साखरेने इन्शुलिन स्रवते, इन्शुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते आणि रक्तातला आकडा वर जाण्याऐवजी आणखी खाली जाऊ शकतो.

शिरेतून देण्याचा मार्ग इतका जोखमीचा असल्यामुळेच आकडा फार खाली नसेल, ईसीजीत बिघाड नसेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर तोंडाने देणेच श्रेयस्कर मानतात. ‘सलाईन लावली म्हणजे खरा उपचार झाला आणि सिरप म्हणजे बोळवण’ हा समज पोटॅशियमच्या बाबतीत तरी पूर्णपणे चुकीचा आहे.

हे आधी कसे ओळखता आले असते, हा तुमचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. तुम्ही दुर्लक्ष केले असे मी म्हणणार नाही, कारण ही लक्षणे खरोखरच फसवी असतात. रक्तातला आकडा ३.५ ते ५.० हा सामान्य मानतात. ३.० ते ३.५ मध्ये बहुतेकांना काहीच जाणवत नाही, ३.० च्या खाली थकवा, पायांत गोळे आणि बद्धकोष्ठ सुरू होतो आणि २.५ च्या खाली स्नायू उघडपणे लुळे पडू लागतात. फार खाली गेल्यास श्वासाचे स्नायूही थकतात आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. या सीमा काटेकोर नाहीत. आकडा झपाट्याने उतरला तर लक्षणे लवकर दिसतात, हळूहळू उतरला तर शरीर बराच काळ निभावून नेते. हृदयविकार असलेल्या आणि विशेषतः डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्या माणसाला ३.३ सुद्धा महागात पडू शकते, म्हणून अशा रुग्णांचा आकडा ४ च्या वर ठेवण्याचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो.

पण अशक्तपणाचीही एक ठेवण असते. पोटॅशियमच्या कमतरतेत तो बहुधा पायांपासून, तेही मांड्या आणि कमरेच्या मोठ्या स्नायूंपासून सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो. माणसाला हातातला पेला धरता येतो, पण खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो, जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढावे लागते. स्पर्श मात्र शाबूत असतो. तुम्ही पत्रात ‘खुर्चीतून उठताना हातांचा आधार’ असे जे लिहिले आहे, ते याचे अगदी अचूक वर्णन आहे. नुसत्या म्हातारपणाने असे काही दिवसांत होत नाही. याउलट एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, हे मेंदूच्या झटक्याचे लक्षण आहे; त्या वेळी पोटॅशियमचा विचार करीत घरी बसू नये. आणखी दोन खुणा सहज निसटतात. पोटॅशियम कमी झाल्यावर आतड्यांचीही हालचाल मंदावते, त्यामुळे जुलाब थांबल्यावर पोट फुगू लागले आणि शौचाला होईनासे झाले तर जुलाबाच्या औषधाने ‘बांधले’ असे आपण समजून चालतो. तसेच मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, म्हणून रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते आणि तहान वाढते.

ईसीजीच्या कागदावर डॉक्टर जे पाहतात ते तुम्हालाही दिसू शकते. प्रत्येक ठोक्याच्या टोकदार खुणेनंतर एक गोलसर उंचवटा असतो, त्याला टी लहर म्हणतात. पोटॅशियम उतरू लागले की ती चपटी होत जाते, तिच्या आधीची रेघ किंचित खाली झुकते आणि एरवी जवळजवळ न दिसणारी यू लहर तिच्या मागे डोके वर काढते. पुढे ठोके निसटतात, मधेच जादा पडतात, आणि त्यातूनच धोक्याची लय सुरू होऊ शकते. तरीही ईसीजी स्वच्छ आहे म्हणून पोटॅशियम ठीक आहे असे म्हणता येत नाही. आकडा बराच कमी असूनही काही जणांचा ईसीजी सामान्य असतो.

एवढे सगळे सांगूनही मी म्हणेन की लक्षणांपेक्षा परिस्थितीवर नजर ठेवणे अधिक खात्रीचे आहे. लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली किंवा तिचा डोस वाढवला, की त्यानंतरच्या दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा) तपासून घ्यावे, कारण पोटॅशियमची बरीचशी घट पहिल्या काही आठवड्यांतच होते. अशी गोळी चालू असताना जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ती गोळी त्या दिवसांपुरती थांबवायची का, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. तुमच्या आईचे पोटॅशियम दोन वाटांनी एकाच वेळी जात होते. हे कोणी आधी सांगून ठेवले असते तर ती कदाचित दाखल झाली नसती, आणि हे सांगणे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. जुलाबांत साध्या पाण्याऐवजी ओआरएस द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्याच्या एका लिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. हाच आकडा सिरपच्या १५ मिलिलिटरमध्ये आहे, हे ध्यानात घेतले तर ओआरएस झीज भरून काढायला चांगले असले तरी मोठी तूट भरायला पुरणार नाही, हेही लक्षात येईल.

आता केळी आणि फळांच्या रसाबद्दल. सिरप बंद करून फक्त आहारावर भिस्त ठेवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १० ते ११ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. दिवसाला ४० मिलिइक्विव्हॅलंटचा डोस केळ्यांनी भरून काढायचा तर नेहमीच्या जेवणाशिवाय रोज चार केळी खावी लागतील. दुसरे कारण कमी परिचयाचे पण तितकेच खरे आहे. लघवीच्या गोळीने पोटॅशियमबरोबर क्लोराइडही जाते आणि रक्त अल्कधर्मी होते. ते क्लोराइड परत मिळाल्याशिवाय मूत्रपिंडे पोटॅशियम नीट धरून ठेवत नाहीत. फळांतले पोटॅशियम फॉस्फेट, सायट्रेट अशा रूपांत असते, तर औषधात ते क्लोराइडच्या रूपात मिळते. आहाराचे महत्त्व नंतर आहे : तूट भरल्यावर ती पुन्हा होऊ नये म्हणून. मोठ्या माणसाने दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम अन्नातून घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते, आणि कडधान्ये, बटाटे, पालेभाज्या, फळे जेवणात असतील तर ते जमते. त्याहून अधिक उपयोग होईल तो मीठ कमी केल्याने. लघवीच्या गोळीवर असलेला माणूस जितके मीठ जास्त खातो, तितके त्याचे पोटॅशियम लघवीतून जास्त वाहून जाते, हे फारसे कोणी सांगत नाही.

सिरपच्या चवीवर मात्र इलाज आहे. ते कधीही तसेच पिऊ नये. जेवणानंतर, अर्धा ते एक पेला थंड पाण्यात मिसळून, पाच-दहा मिनिटे घोट घोट घ्यावे. त्याने चवही सौम्य होते आणि पोटात जळजळही कमी होते. तरीही जमत नसेल तर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. ६०० मिलिग्रॅमच्या अशा एका गोळीत ८ मिलिइक्विव्हॅलंटच पोटॅशियम असते, म्हणून त्या संख्येने जास्त घ्याव्या लागतात. त्या कुटून किंवा चावून खाऊ नयेत, बसून, भरपूर पाण्याबरोबर गिळाव्यात आणि लगेच आडवे होऊ नये, नाही तर अन्ननलिकेत अडकून तेथे जखम होते. आईला गिळायला त्रास होत असेल तर गोळ्या नकोतच. पोटात तीव्र दुखणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर औषध थांबवून लगेच दाखवावे.

गोळी बदलून, मॅग्नेशियम भरून आणि सिरप नीट घेऊनही आकडा खालीच राहिला, तर कारणाचा शोध पुढे न्यावा लागेल. लघवीतले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मोजले की गळती मूत्रपिंडांतून आहे की आतड्यांतून, ते बरेचसे कळते. रक्तदाब आणि कमी पोटॅशियम एकत्र असतील तर मूत्रपिंडांवर असणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त स्रवत असण्याची शक्यता तपासण्यासारखी असते. अमेरिकन डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि त्यावर निश्चित उपचार आहेत. लघवीच्या एवढ्याशा गोळीने आकडा २.६ पर्यंत घसरणे हाही या आजाराचा सुगावा असू शकतो, म्हणून हा विषय डॉक्टरांकडे काढायला संकोच करू नका. दम्यासाठी साल्ब्युटामॉल, स्टिरॉइडच्या गोळ्या, रोजची जुलाबाची औषधे किंवा नियमित ज्येष्ठमध, यांतले आई काही घेत असेल तर तेही सांगा. ज्येष्ठमध निरुपद्रवी वाटतो, पण रोजच्या मोठ्या मात्रेत तो रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो.

शेवटी उलट दिशेचा धोका. आईच्या ‘नेहमीच्या गोळी’चे नाव तुम्ही लिहिलेले नाही. ती टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यांपैकी असेल, तर ती पोटॅशियम शरीरात राखून ठेवते, आणि स्पायरोनोलॅक्टोन तर त्यासाठीच पुष्कळदा जोडतात. क्लोरथॅलिडोन थांबले, जुलाब थांबले आणि सिरप मात्र तसेच चालू राहिले, तर काही आठवड्यांत आकडा ५.५ किंवा ६ च्याही वर जाऊ शकतो. मूत्रपिंडे थोडी मंद असतील किंवा सांधेदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके मधूनमधून घेतली जात असतील तर आणखी लवकर. जास्त झालेले पोटॅशियम कमी झालेल्याइतकेच हृदयाला घातक असते आणि त्याची पूर्वसूचना बहुधा त्याहूनही कमी मिळते. कमी सोडियमचे म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही सहसा काही भाग पोटॅशियमचा असतो, ते आपण होऊन सुरू करू नका. म्हणून पुढच्या भेटीत सिरप कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचे आणि पुढची तपासणी केव्हा करायची, हे दोन्ही कागदावर लिहून घ्या. डोस किंवा गोळी बदलली की त्यानंतर काही दिवसांत, फार तर आठवड्याभरात, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहिले जाते.

आकडा सुधारला की गोळे आणि धडधड लवकर थांबतात, पायांतली ताकद मात्र काही दिवस मागे राहते, आणि या वयात पडणे कमी पोटॅशियमइतकेच महागात पडते. तोपर्यंत रात्री लघवीला जाताना तिच्याबरोबर कोणीतरी उठा आणि वाटेत दिवा लावून ठेवा. पोटॅशियम ४ च्या आसपास स्थिरावूनही दोन-तीन आठवड्यांत तिला हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता आले नाही, तर तो अशक्तपणा पोटॅशियमचा नव्हता असे समजून थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास रक्तात वाढणारे द्रव्य) यांची तपासणी करण्यास डॉक्टरांना सांगा.